घाट, घड्याळ आणि हँग होणारा पीसी

आजचा विषय आहे ओव्हरक्लॉकिंग. कंपनीने प्रोसेसरला जो वेग ठरवून दिलाय, त्यापेक्षा जास्त वेगाने त्याला पळवणं, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. आणि पळवल्यावर तो अडखळायला लागला, म्हणजे गेम मध्येच बंद, निळा पडदा, आपोआप रीस्टार्ट, तर त्याचं काय करायचं, हा त्याचाच दुसरा भाग. पण आपण सुरुवात करणार आहोत कर्जत स्टेशनपासून. यंत्र त्याच्या मर्यादेजवळ चालवायचं असेल तर काय तयारी लागते, हे कर्जतकरांच्या डोळ्यासमोर रोज घडतं.

कर्जतचा थांबा

पुण्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या कर्जतला थांबतात. तुम्ही खाली उतरून वडा घेता, तेवढ्यात मागून जादा इंजिनं येऊन गाडीला लागतात. रेल्वेच्या भाषेत त्यांना बँकर म्हणतात. पुढे बोरघाट आहे. हा घाटमार्ग १८६३ साली सुरू झाला आणि त्याचा चढ काही ठिकाणी ३७ फुटांमागे १ फूट इतका आहे. रेल्वेच्या हिशेबात हा फार म्हणजे फारच तीव्र चढ.

आता गंमत ऐका. चढताना लागते ताकद, ती बँकर देतात. पण खरी भीती असते ती उतरताना. म्हणून उतारावर ठरलेल्या केबिनपाशी गाडी थांबवतात. ब्रेक नीट धरतायत हे दिसलं, की पुढे जायचं. आणि नाहीच धरले तर? त्यासाठी कॅच सायडिंग आहे. म्हणजे बाजूला काढलेला, चढाकडे जाणारा रूळ. सुटलेली गाडी त्याच्यावर चढते आणि आपोआप मंदावते. बिघाड होऊ शकतो हे आधीच धरून चालायचं आणि त्याच्यासाठी जागा राखून ठेवायची, असा हा सगळा मामला आहे.

याच घाटातली आणखी एक गोष्ट. मार्ग सुरू झाल्यावर चारच वर्षांनी, जुलै १८६७ मध्ये, घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. इंग्रजी कागदपत्रांत त्याचं नाव म्हाऊ-की-मल्ली असं येतं. चार वर्षं त्याच्यावरून गाड्या गेल्या होत्या. वरून सगळं ठीक दिसत होतं. ‘आजवर चाललंय ना, मग पुढेही चालेल’ हा हिशेब दगडालाही लागू पडला नाही. सिलिकॉनला तर नाहीच पडत.

पूल किंवा गाडी लागते त्यापेक्षा थोडी जास्त भक्कम करून ठेवतात. त्या जास्तीच्या भागाला आपण आज ‘राखीव’ म्हणूया. ओव्हरक्लॉकिंगचा सगळा इतिहास म्हणजे या राखिवाचा इतिहास आहे. तो आधी कोणाकडे होता, कोणी उचलला, आणि कोणाला सांगून उचलला?

भजन आणि द्रुत लय

प्रोसेसरला एक ठोका असतो, त्यालाच क्लॉक म्हणायचं. ४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४०० कोटी ठोके. प्रत्येक ठोक्याला चिपमधले लाखो छोटे स्विच आपापलं उत्तर पुढच्याला देतात.

भजनी मंडळ डोळ्यासमोर आणा. पखवाज आणि टाळांवर सगळे बांधलेले. पखवाजवाल्याने लय वाढवली की सगळे वाढवतात. आणखी वाढवली, तरी बहुतेक जण टिकतात. पण एक जण असा असतो की ज्याची जीभ सगळ्यात जड. लय एका हद्दीपलीकडे गेली की त्याचे शब्द गिळले जातात. मंडळ किती जलद गाऊ शकतं हे ठरतं त्या एका माणसावरून, सगळ्यात चपळ माणसावरून नाही.

चिपमध्येही तसंच. एखादा मार्ग सगळ्यात लांबचा असतो. त्या मार्गावरून उत्तर यायच्या आत पुढचा ठोका पडला, तर जुनं किंवा अर्धवट उत्तर खरं म्हणून पुढे जातं. १ च्या जागी ०. बस, एवढंच. याला अस्थिरता म्हणतात. आणि हे दर वेळी होत नाही, ही त्यातली खरी पंचाईत. चिप गरम असेल, व्होल्टेज किंचित खाली आलं असेल आणि नेमका तोच मार्ग वापरात असेल, तर होतं. म्हणून तर पीसी तासभर छान चालतो आणि मग एकदम मान टाकतो.

यावर उपाय म्हणून व्होल्टेज वाढवतात. व्होल्टेज वाढलं की स्विच चटकन हलतात. पण उष्णतेचा हिशेब वाईट आहे. वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. समजा वेग २० टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेज १० टक्के. तर १.२ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे जवळपास १.४५. वेग मिळाला २० टक्के जास्त, उष्णता ४५ टक्के जास्त. आणि ही उष्णता बाहेर टाकायची कुठे? एप्रिलमधल्या कर्जतच्या हवेत, जिथे पारा आधीच चाळिशीला टेकलेला असतो. थंड देशातल्या कोणी व्हिडिओत दाखवलेली सेटिंग आपल्याकडे जशीच्या तशी का चालत नाही, याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

स्फटिक बदलणारे लोक

आता इतिहासाकडे. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला. त्यातला इंटेल ८०८८ प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा. हा असा विचित्र आकडा का? कारण बोर्डावर १४.३१८ मेगाहर्ट्झचा स्फटिक होता. अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीच्या ठोक्याची ती बरोबर चौपट. टीव्हीवर चित्रही दाखवता यावं म्हणून हा आकडा घेतला, आणि त्याला तीनाने भागलं की ४.७७. म्हणजे बघा, हा वेग ठरवताना चिपच्या ताकदीइतकाच टीव्हीच्या सोयीचाही विचार झाला होता.

१९८४ साली आयबीएम पीसी एटी आला, ६ मेगाहर्ट्झचा. त्यात १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक होता आणि त्याच्या निम्म्या वेगाने चिप चालायची. हौशी लोकांच्या लक्षात आलं की हा स्फटिक काढून १६ चा बसवला की मशीन ८ मेगाहर्ट्झवर चालतं. एक छोटासा, स्वस्त भाग, आणि वेग तिसऱ्या हिश्श्याने जास्त! आयबीएमला हे आवडलं नाही. पुढच्या बायोसमध्ये त्यांनी वेग तपासणी घातली. मशीन ठरल्यापेक्षा जलद दिसलं की ते सुरूच व्हायचं नाही.

इथेच पहिला वाद उभा राहिला, जो आजही मिटलेला नाही. मशीन माझं, पैसे माझे, मग राखीव कोणाचा? ग्राहक म्हणतो, माझा. कंपनी म्हणते, तुझ्या पैशात तू ६ चं वचन घेतलंस, ८ चं नाही.

मग आलं टर्बो बटण. ते दाबून मशीन जलद होतं असं वाटायचं, पण त्याचं खरं काम उलटं होतं. नवीन, वेगवान मशीनवर जुने गेम अशक्य वेगाने पळायचे, कारण त्यांनी वेळ मोजायला प्रोसेसरचा ठोकाच धरलेला होता. म्हणून वेग मुद्दाम खाली आणायला ते बटण.

ऑगस्ट १९९८: गरिबाचा पेंटियम

ओव्हरक्लॉकिंग घराघरात गेलं ते ऑगस्ट १९९८ मध्ये. इंटेलने सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर काढला. त्याचा वेग ३०० मेगाहर्ट्झ. हा आकडा यायचा ६६ गुणिले साडेचार असा. ६६ हा बोर्डाचा ठोका आणि साडेचार हा गुणक. गुणक इंटेलने कुलूपबंद केला होता. पण बोर्डाचा ठोका? तो ६६ वरून १०० केला की १०० गुणिले साडेचार, ४५० मेगाहर्ट्झ!

आणि त्याच महिन्यात इंटेलचा सगळ्यात महागडा पेंटियम टू निघाला होता, ४५० मेगाहर्ट्झचाच. किंमत सेलेरॉनच्या कित्येक पट. कॉलेजच्या पोरांनी स्वस्तातला घेतला आणि महागड्याच्या बरोबरीने पळवला. कोणी बोर्डाच्या सेटिंगमध्ये बदल केला, कोणी चिपच्या एका पिनवर चिकटपट्टी लावून बोर्डाला फसवलं.

हे जमलं कसं? कारण चिप बनतात एकाच तबकडीवर, मग तपासून त्यांच्यावर वेगवेगळे आकडे टाकतात. कारखाना चांगला चालला असेल तर जवळजवळ सगळ्याच चिप जलद निघतात. पण बाजारात स्वस्त चिपची मागणी जास्त, म्हणून चांगल्या चिपवरही छोटा आकडा पडतो. मोठा राखीव असा फुकट मिळायचा. त्यानंतर दोनेक वर्षांत एएमडीच्या अ‍ॅथलॉन आणि ड्युरॉन चिपवर तर लोक साध्या शिसपेन्सिलीने रेघ ओढायचे. पेन्सिलीतला ग्रॅफाइट वीज वाहून नेतो, त्यामुळे तोडलेले सूक्ष्म पूल पुन्हा जुळायचे आणि गुणकाचं कुलूप उघडायचं.

पण सगळ्या चिप सारख्या नव्हत्या, हेही लक्षात ठेवा. शेजाऱ्याची ४५० वर जाते, माझी ४०० ला हँग होते, हे तेव्हाही होतंच. वचन ३०० चंच होतं. वरचं जे काही, ते नशीब. हौशी माणसाला हे माहीत असायचं. तो स्वतः जोखीम घ्यायचा, स्वतः रात्रभर तपासायचा, बिघडलं तर स्वतः भरायचा. यात गैर काय? काहीच नाही.

न सांगता उचललेला राखीव

गैर सुरू झालं ते दुसरीकडे. नव्वदच्या दशकात जगभर एक धंदा चालायचा. कमी वेगाच्या चिपवरचा आकडा पुसायचा, मोठा आकडा छापायचा आणि महाग विकायची. गुणकाला कुलूप घालण्यामागे इंटेलने हेही एक कारण दिलं होतं.

याचा परिणाम किती दूर गेला, ते मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन या अभियंत्याने २००५ साली लिहून ठेवलंय. विंडोज क्रॅश झालं की एक अहवाल कंपनीकडे जातो. त्यात काही क्रॅश असे होते की कोणाला अर्थच लागेना. प्रोग्रॅम पडला होता एका अगदी साध्या सूचनेवर. प्रोसेसरच्या आतला एक खण शून्य कर, एवढीच ती सूचना. मेमरीचा संबंध नाही, डिस्कचा नाही. हे चुकूच शकत नाही! चौकशी केल्यावर कळलं की यातली बरीच मशीन ओव्हरक्लॉक केलेली आहेत. आणि काही लोकांना तर ते माहीतच नव्हतं. दुकानदाराने वेग वाढवून, महागडं मशीन म्हणून विकलेलं.

विचार करा, त्या माणसाने काय केलं असेल? विंडोजला शिव्या घातल्या असतील. फॉरमॅट मारला असेल. पुन्हा हँग, पुन्हा फॉरमॅट. हौशी माणसाची जोखीम त्याच्या डोक्यावर ढकलली गेली होती आणि त्याला पत्ताच नव्हता.

२०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जवळपास दहा लाख घरगुती पीसींच्या क्रॅशचा अभ्यास छापला. ओव्हरक्लॉक केलेली मशीन प्रोसेसरच्या चुकीने पडण्याचं प्रमाण कैक पट जास्त निघालं. मशीन एकदा तसं पडलं की पुन्हा पडण्याची शक्यता खूप वाढते, हेही दिसलं. आणि ज्यांनी वेग ठरल्यापेक्षा कमी ठेवला होता, ती मशीन साध्या मशीनपेक्षाही कमी पडत होती. राखीव म्हणजे वाया गेलेला वेग नव्हे, याचा यापेक्षा सरळ पुरावा कोणता हवा?

कंपनीच शर्यतीत उतरली

आता वळण येतं. राखीव उचलणारा तिसरा हात खुद्द कंपनीचा.

मार्च २००० मध्ये एएमडीने १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर जाहीर केला, दोनच दिवसांनी इंटेलने. मग चढाओढ. जुलैच्या अखेरीस इंटेलने १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री आणला. दोन परीक्षकांनी तो तपासला, टॉम्स हार्डवेअरचे थॉमस पॅब्स्ट आणि हार्डओसीपीचे काइल बेनेट. त्यांना दिसलं की लिनक्सचा गाभा कंपाइल करायला दिला की हे मशीन पडतं. गेम चालतात, बाकी चाचण्या चालतात, पण तेवढं एक लांबलचक काम पूर्ण होत नाही. ऑगस्ट संपायच्या आत इंटेलला ती चिप बाजारातून परत बोलवावी लागली. कारखान्यातूनच ती जणू ओव्हरक्लॉक होऊन आली होती.

पुढच्या वर्षी टॉम्स हार्डवेअरनेच एक व्हिडिओ काढला. चालू मशीनवरून थंड करणारा हीटसिंक उचलून घ्यायचा आणि बघायचं काय होतं. पेंटियम फोरने स्वतःचा वेग पाडला आणि रडतखडत चालू राहिला. पेंटियम थ्री जागीच थांबला. अ‍ॅथलॉनमधून मात्र धूर निघाला.

पेंटियम फोरने जे केलं ते आपल्या भागातल्या माणसाला समजावून सांगायची गरजच नाही. लोडशेडिंग! २००५ नंतरची काही वर्षं आठवा, किंवा घरच्या मोठ्यांना विचारा. विजेची मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की सगळं जाळं कोसळू नये म्हणून काही भाग बंद ठेवायचा.

आणि विजेचं जाळंसुद्धा एका ठोक्यावरच चालतं, सेकंदाला ५०. खालापूर तालुक्यात खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ पासून आहे. कर्जत तालुक्यात भिवपुरीचं १९२२ पासून. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचं पाणी पाचशे मीटरहून जास्त खाली खोपोलीला येतं आणि चाकं फिरवतं. मागणी वाढली की चाक जड होतं, ठोका ५० च्या खाली घसरू लागतो, आणि तो सावरायला लगेच जास्त पाणी सोडावं लागतं. तुमच्या मदरबोर्डवरही अगदी हेच काम चालतं, फक्त पाण्याऐवजी व्होल्टेजचं. गेममध्ये एकदम स्फोटाचं दृश्य आलं, प्रोसेसरवर भार पडला, क्षणभर व्होल्टेज घसरलं, आणि त्या क्षणी राखीव नसेल तर पीसी पडला. म्हणून मशीन बहुतेक वेळा भार बदलताना पडतं, नुसतं बसलेलं असतानाही कधीकधी पडतं, आणि मालक म्हणतो, ‘अरे, आत्ता तर काहीच चालू नव्हतं!’

२००४ पर्यंत उष्णतेने हात टेकवले. इंटेलने पेंटियम फोरचा पुढचा अवतार रद्द केला आणि सगळे एकाच चिपमध्ये अनेक कोअर घालण्याकडे वळले. २००८ मध्ये टर्बो बूस्ट आलं. चिप थंड असेल, वीज शिल्लक असेल, तर ती स्वतःच वेग वाढवते. म्हणजे राखीव आता कंपनीच मिनिटामिनिटाला खर्च करू लागली. हौशी लोकांसाठी नावात ‘के’ असलेल्या, कुलूप नसलेल्या चिप वेगळ्या विकायला लागल्या, त्याही महाग. कालपर्यंतची चोरवाट आज टोलरोड झाली.

२०२४: पूल पुन्हा कोसळला

आणि मग हल्लीची गोष्ट. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या मोठ्या डेस्कटॉप चिप, आय-नाइन १३९००के आणि १४९००के. यातली दुसरी तर ६ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारी. २०२४ च्या सुरुवातीला तक्रारींचा ढीग पडला. गेम सुरू करताना संदेश यायचा, ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपली. कार्डात तर मेमरी भरपूर! खरा दोष प्रोसेसरचा होता. गेमचा दाबून ठेवलेला डेटा उलगडताना तो चुकत होता, आणि दोष जात होता कार्डाच्या माथी. डेटा उलगडायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या रॅड गेम टूल्सने तात्पुरता उपाय सांगितला तो काय, माहितीये? गुणक ५५ वरून ५३ करा. वेग थोडा कमी करा!

जुलै २०२४ मध्ये इंटेलने सांगितलं की चिपच्या आतल्या सूचनांतल्या चुकीमुळे ती गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होती. त्याने चिप हळूहळू झिजत होती. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली, ०x१२९ क्रमांकाचा मायक्रोकोड, आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली. पण जी चिप झिजली ती झिजली. अपडेटने ती परत नवी होत नाही. ती बदलूनच घ्यावी लागते.

इथे तो १८६७ चा पूल आठवतो. पहिल्या दिवशी उभा होता, दुसऱ्या वर्षीही उभा होता. ज्यांनी कधी बायोस उघडलासुद्धा नाही, अशा लोकांच्या मशीनमध्ये हे झालं. आता कोणी म्हणू शकत नाही की ‘मी ओव्हरक्लॉक करत नाही, मला काय त्याचं?’

तुमच्या हातातल्या फोनचंही असंच. २०१७ मध्ये उघड झालं की अ‍ॅपल जुनी बॅटरी असलेल्या आयफोनचा वेग गुपचूप कमी करत होती, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. तांत्रिक दृष्टीने निर्णय चुकीचा नव्हता, तोही एक प्रकारचा ब्रेकच. लोक चिडले ते न सांगितल्यामुळे, आणि डिसेंबरमध्ये कंपनीला माफी मागावी लागली. वेग वाढवा किंवा कमी करा, मालकाला कळलं पाहिजे.

मग आपण काय करायचं?

आपल्याकडे खूप जण जुना पीसी घेतात. कर्जत-खोपोलीहून दादर, तिथून ग्रँट रोड, लॅमिंग्टन रोडवर फिरून किंवा ऑनलाइन बघून. ‘के’वाली चिप स्वस्तात मिळाली की आनंद होतो. पण आधीच्या मालकाने तिला किती पळवलंय हे चिपवर लिहिलेलं नसतं. म्हणून घाटातल्या शिस्तीने चला.

एक. आधी थांबा. पीसी अडखळत असेल तर बायोसमध्ये जाऊन सगळ्या सेटिंग मूळ पदावर आणा. रॅमचं एक्सएमपीसुद्धा बंद करा. दुकानदार ते बरेचदा चालू करून देतात, पण तेही ओव्हरक्लॉकिंगच आहे. एवढ्यानेच हँग होणं थांबलं, तर चोर सापडला.

दोन. महत्त्वाच्या फाइल आधी दुसरीकडे ठेवा. क्रॅश दिसतो तरी. वाईट असते ती चूक जी दिसत नाही. एक बिट उलटा झाला आणि कॉलेजच्या प्रोजेक्टची फाइल उघडेनाशी झाली, तर कोणता निळा पडदा येणार आहे तुम्हाला सांगायला? ही तुमची कॅच सायडिंग.

तीन. ब्रेक तपासा. रॅमसाठी मेमटेस्ट८६, प्रोसेसरसाठी प्राइम९५. हे दुसरं सॉफ्टवेअर मुळात मोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी १९९६ साली सुरू झालेल्या प्रकल्पातलं. त्याच्या चाचणीत उत्तर आधीच माहीत असतं, म्हणून चिपने केलेली छोटीशी चूकही पकडली जाते. दहा मिनिटं नाही, काही तास चालवा. आणि थंडीच्या रात्री नाही, दुपारच्या उकाड्यात. तापमान दाखवणारं अ‍ॅप शेजारी उघडं ठेवा. ते शंभराला टेकत असेल तर आधी धूळ झाडा, थर्मल पेस्ट बदला.

चार. वेग वाढवायचाच असेल तर एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहा. वेग, व्होल्टेज, रॅम तिन्ही एकदम बदलले तर पडल्यावर कोणाला धरणार? आणि जिथे मशीन जेमतेम टिकतं, त्याच्या दोन पायऱ्या खाली थांबा. तो तुमचा राखीव. मे महिन्यात तोच कामी येतो.

पाच. तेरावी-चौदावी पिढी असेल तर बायोस अपडेट आजच करा. अपडेट चालू असताना वीज गेली तर मदरबोर्डच झोपू शकतो, म्हणून यूपीएस लावूनच.

आणि सहावं, जे या गोष्टीचं सार आहे. पीसी विकताना, मित्राला देताना, धाकट्या भावाला देताना सांगा, की बाबा, हा मी इतका पळवलाय. या सगळ्या इतिहासात वेगाच्या हौसेने नुकसान झालं ते फार करून हौस करणाऱ्याचंच. ज्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं, तो मात्र दर वेळी कारण न कळता भरडला गेला.

तर मंडळी, तुमचा पीसी कधी असा विनाकारण पडला असेल आणि कारण शेवटी सापडलं असेल, तर ते आम्हाला नक्की कळवा. आणि पुढच्या वेळी घाट उतरताना गाडी मध्येच रानात थांबली, तर वैतागू नका. ती ब्रेक तपासतेय. भेटू पुढच्या भागात!